अस्थिसंधिवातातील वेदना व्यवस्थापन आणि समुदाय औषधनिर्माता

समुदाय औषधनिर्माता म्हणजे रुग्णालयाबाहेर, वस्तीतील किंवा बाजारपेठेतील औषध दुकानात काम करणारा नोंदणीकृत फार्मासिस्ट होय. अस्थिसंधिवात, म्हणजेच ऑस्टिओआर्थ्रायटिस, हा सांध्यांचा दीर्घकालीन आजार आहे. त्याचे अनेक रुग्ण डॉक्टरांकडे वर्षातून एकदोनदा जातात, औषध दुकानात मात्र दर महिन्याला आणि कधी दर आठवड्याला जातात. त्यामुळे वेदनाशामक औषधांची निवड, त्यांच्या दुष्परिणामांवर लक्ष, डॉक्टरांकडे वेळेवर पाठवणी आणि व्यायामाविषयीचा सल्ला या कामांत औषधनिर्मात्याला महत्त्वाचे स्थान आहे. ब्रिटन व कॅनडात या भूमिकेचा चाचण्यांद्वारे अभ्यास झालेला आहे. भारतात तिला कायद्याचा आधार असला तरी व्यवहारात ती अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

मराठीत 'औषधनिर्माता' हा शब्द थोडा फसवा आहे. त्यातून औषधे तयार करणारा असा अर्थ निघतो. आज दुकानातील फार्मासिस्ट औषध तयार करत नाही. तो तयार औषध तपासून, समजावून रुग्णाच्या हाती देतो. दुकानाचा परवाना असलेला औषधविक्रेता आणि शिक्षण व नोंदणी असलेला औषधनिर्माता या दोन भूमिका कायद्याने वेगळ्या आहेत, जरी अनेक दुकानांत त्या एकाच व्यक्तीकडे असतात.

आजाराचे स्वरूप

अस्थिसंधिवातात सांध्यातील हाडांच्या टोकांवरील कूर्चा विरळ होते, हाडांच्या कडांना नवी वाढ होते, सांध्याच्या आतील अस्तराला मधूनमधून सूज येते आणि भोवतालचे स्नायू दुबळे होतात. केवळ 'झीज' असे त्याचे वर्णन आता अपुरे मानले जाते, कारण संपूर्ण सांधाच या प्रक्रियेत बदलतो. गुडघा, खुबा, हाताच्या बोटांचे सांधे आणि मणका येथे तो प्रामुख्याने आढळतो. वाढते वय, स्थूलता, सांध्याची जुनी दुखापत आणि आनुवंशिकता ही त्याची मुख्य कारणे आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना हा आजार होता. त्यांपैकी सुमारे ३६ कोटी ५० लाख लोकांचा गुडघा बाधित होता.

महाराष्ट्रातील ग्रामीण भागाची माहिती पुणे जिल्ह्यातील भिगवण येथील सर्वेक्षणातून मिळते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय संधिवात संघ यांच्या 'कॉपकॉर्ड' या कार्यक्रमांतर्गत पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ पासून तेथे घरोघरी पाहणी केली. त्यात सुमारे १८ टक्के प्रौढांना सांधे, स्नायू वा हाडांच्या वेदना असल्याचे आढळले, तर अस्थिसंधिवाताचे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. मांडी घालून जमिनीवर बसणे, उकिडवे बसून काम करणे आणि भारतीय पद्धतीचे शौचालय या सवयींमुळे येथे गुडघ्याचा आजार दैनंदिन जीवनात लवकर जाणवतो. पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत जिना व मोटार यांचे प्रश्न असतात. भिगवणसारख्या गावात 'खाली बसून उठता येते का' हा प्रश्न अधिक नेमका ठरतो.

वेदना साधारणतः हालचालीने वाढते आणि विश्रांतीने कमी होते. सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. क्ष-किरण चित्रातील बदल आणि रुग्णाला जाणवणारी वेदना यांचा मेळ नेहमी बसत नाही. चित्रात सांध्यातील फट पुष्कळ अरुंद दिसणारी व्यक्ती विनातक्रार चालते आणि किंचित बदल असलेली व्यक्ती वेदनेने बेजार होते. 'वंगण संपले', 'गॅप कमी झाला' अशा प्रचलित शब्दप्रयोगांमुळे चालण्याने सांधा आणखी झिजेल अशी भीती निर्माण होते आणि रुग्ण हालचालच थांबवतो. ही समजूत दूर करणे हे औषधनिर्मात्याच्या कामातील पहिले आणि बिनखर्चाचे काम आहे.

दुकानातील प्राथमिक पारख

निदान करणे हे औषधनिर्मात्याचे काम नाही. समोरची तक्रार दुकानात हाताळण्याजोगी आहे की नाही, एवढे ठरवणे मात्र त्याला शक्य असते आणि आवश्यकही असते. मराठीत 'संधिवात' किंवा नुसता 'वात' हा शब्द अस्थिसंधिवात, आमवात आणि युरिक आम्लामुळे होणारा गाऊट या तिन्ही आजारांसाठी सर्रास वापरला जातो. 'वाताची गोळी द्या' या मागणीमागे यांपैकी काहीही असू शकते. या आजारांचे उपचार एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत. आमवातात उपचाराला झालेला विलंब सांध्याचे कायमचे नुकसान करतो, म्हणून तेथे वेदनाशामकावर महिने काढणे घातक ठरते.

वय साधारण ४५ च्या पुढे, हालचालीशी निगडित दुखणे आणि अल्पकाळ टिकणारा ताठरपणा ही लक्षणे अस्थिसंधिवाताकडे निर्देश करतात. याउलट सांधा लाल, गरम व सुजलेला असून ताप असेल, तर जंतुसंसर्गाची शक्यता असते आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते. सकाळचा ताठरपणा तासभर टिकणे, दोन्ही हातांचे लहान सांधे एकाच वेळी सुजणे, पडल्यानंतर पायावर भार न घेता येणे, गुडघा मध्येच अडकणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना किंवा कारणाविना वजन घटणे या बाबीही औषध देऊन मिटवण्याच्या नसतात. पोटरी एकाच बाजूला सुजून दुखत असेल, तर रक्तवाहिनीतील गुठळीचा विचार करावा लागतो. ती तक्रारही लोक 'गुडघ्याचेच आहे' म्हणून सांगतात.

यानंतरचे प्रश्न रुग्णाच्या इतर आजारांविषयीचे असतात. उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, पूर्वीचा अल्सर आणि सध्या चालू असलेल्या गोळ्या यांची माहिती घेतल्याशिवाय वेदनाशामकाची सुरक्षित निवड करता येत नाही. अस्थिसंधिवाताचा नमुनेदार रुग्ण साठीच्या पुढचा असतो आणि यांपैकी एखादा तरी आजार त्याला बहुधा असतोच. या बाबतीत औषध दुकानाला एक सोय आहे, जी दवाखान्याला नसते. हृदयाच्या, मधुमेहाच्या आणि हाडांच्या डॉक्टरांच्या वेगवेगळ्या चिठ्ठ्या एकाच काउंटरवर येतात.

लावायची औषधे

गुडघा आणि हात या त्वचेलगतच्या सांध्यांसाठी स्टेरॉईडविरहित दाहशामक औषधाचे जेल, विशेषतः डायक्लोफेनॅक जेल, हा पहिला औषधी पर्याय मानला जातो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे गुडघ्यासाठी प्रथम लावायचे औषध सुचवतात. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही त्याची ठाम शिफारस आहे. जेलमधून रक्तात पोहोचणारे औषध गोळीच्या तुलनेत फारच थोडे, १ टक्का जेलच्या बाबतीत सुमारे ६ टक्के, असते. त्यामुळे जठर, हृदय आणि मूत्रपिंड यांना असणारा धोका बराच कमी होतो. खुबा खोलवर असल्याने तेथे जेलचा उपयोग होत नाही.

असे असूनही 'जेल लावून बघितले, काही फरक पडला नाही' ही तक्रार नेहमी ऐकू येते. तिचे कारण अनेकदा मात्रेत असते. अमेरिकेत १ टक्का डायक्लोफेनॅक जेलची मान्य मात्रा गुडघ्यासाठी प्रत्येक वेळी ४ ग्रॅम, दिवसातून ४ वेळा अशी आहे. या हिशेबाने एका गुडघ्याला दिवसाला १६ ग्रॅम आणि दोन्ही गुडघ्यांना ३२ ग्रॅम जेल लागते. भारतात सर्रास विकली जाणारी ३० ग्रॅमची ट्यूब दोन गुडघ्यांना पूर्ण एक दिवसही पुरत नाही. प्रत्यक्षात तीच ट्यूब महिनाभर पुरवली जाते. वाटाण्याएवढे जेल झोपताना एकदा चोळले जाते आणि औषध निरुपयोगी ठरवले जाते. पूर्ण मात्रेचा खर्च प्रत्येकाला परवडणारा नाही, हेही खरे आहे. अशा वेळी अधिक दुखणारा एकच गुडघा निवडून काही दिवस नियमाने जेल लावणे हा व्यवहार्य सल्ला ठरतो. परिणाम दिसण्यास आठवडाभर लागू शकतो, हे आधीच सांगावे लागते. जेल लावल्यावर लगेच शेकणे किंवा घट्ट पट्टी बांधणे टाळायचे असते. मिरचीतील कॅप्सेसिनयुक्त मलम हा दुसरा पर्याय आहे. त्याने सुरुवातीला आग होते, ती नियमित वापराने कमी होत जाते; लावलेला हात डोळ्यांना लागू नये याची काळजी घ्यावी लागते.

पोटात घ्यायची वेदनाशामके

पॅरासिटामॉल हे अनेक दशके अस्थिसंधिवातातील पहिले औषध होते. मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणांत त्याचा परिणाम अत्यल्प आढळल्याने ते स्थान डळमळले. 'नाइस'ने २०२२ मध्ये ते सरसकट देऊ नये असे म्हटले. अमेरिकन तत्त्वांनी मात्र इतर औषधे चालत नसलेल्यांसाठी मर्यादित जागा ठेवली आहे. काउंटरवर पॅरासिटामॉलला आजही 'साधी गोळी' मानले जाते. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे, आणि ती नकळत ओलांडली जाऊ शकते. ६५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेल्या संयुक्त वेदनाशामकाच्या दोन गोळ्या आणि ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेल्या सर्दीच्या तीन गोळ्या एकाच दिवशी घेतल्यास बेरीज ४,७५० मिलिग्रॅम होते. तिन्ही पाकिटांवरील नावे वेगळी असल्याने रुग्णाच्या हे लक्षात येत नाही. यकृताचा विकार, मद्यपान किंवा कमी वजन असलेल्यांसाठी मर्यादा याहून खालची ठेवावी लागते.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन आणि इटोरिकॉक्सिब ही दाहशामके पॅरासिटामॉलपेक्षा प्रभावी आहेत. त्यांचा धोकाही तितकाच खरा आहे. जठरात अल्सर व रक्तस्राव, रक्तदाबात वाढ, हृदयविकार बळावणे आणि मूत्रपिंडावर ताण हे त्यांचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. या गटातील रोफेकॉक्सिब हे १९९९ मध्ये बाजारात आलेले औषध हृदयविकार व पक्षाघाताच्या धोक्यामुळे २००४ मध्ये जगभरातून मागे घेण्यात आले. त्यानंतर जुन्या औषधांचीही नव्याने तपासणी झाली. युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये हृदयविकार असलेल्यांना डायक्लोफेनॅक देऊ नये असा इशारा दिला. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१५ पासून डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांची चिठ्ठीविना विक्री बंद झाली.

रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखे औषध, जोडीला लघवी वाढवणारी गोळी, आणि त्यावर गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक असा तिहेरी संयोग मूत्रपिंडाला अचानक निकामी करू शकतो. उन्हाळ्यात किंवा जुलाबामुळे शरीरातील पाणी कमी झालेले असताना हा धोका वाढतो. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवणाऱ्या यंत्रणांवर ही तीन औषधे तीन बाजूंनी आघात करतात. यातील प्रत्येक चिठ्ठी स्वतंत्रपणे योग्य असते. धोका त्यांच्या बेरजेत असतो, आणि ती बेरीज पाहू शकणारी व्यक्ती बहुधा औषधनिर्माताच असते.

वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांत रक्तस्रावाची शक्यता वाढते. हृदयासाठी कमी मात्रेतील ॲस्पिरिन घेणाऱ्याने त्याच सुमारास आयब्युप्रोफेन घेतल्यास ॲस्पिरिनचा संरक्षक परिणाम कमी होऊ शकतो. मेथोट्रेक्सेट आणि लिथियम यांची रक्तातील पातळी दाहशामकांमुळे वाढू शकते. दाहशामक देणे अपरिहार्य असेल, तर कमीत कमी परिणामकारक मात्रा, कमीत कमी दिवस आणि जोडीला जठराच्या संरक्षणासाठी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसारखे औषध हा सर्वमान्य नियम आहे. या गोळ्या जेवणानंतर घेण्याची रीत योग्य असली, तरी 'जेवून घेतली की काही होत नाही' हा समज चुकीचा आहे. जठरावरील परिणामाचा मोठा भाग औषध रक्तात गेल्यानंतर होतो. शौचाचा रंग डांबरासारखा काळा होणे, पायांवर सूज, धाप लागणे किंवा लघवी कमी होणे या खुणा दिसताच गोळी थांबवून डॉक्टरांकडे जावे, हे प्रत्येक वेळी सांगायचे असते.

ट्रामाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक काही रुग्णांना दिले जाते. चक्कर, मळमळ, बद्धकोष्ठता, पडण्याचा धोका आणि सवय लागणे यांमुळे वयस्करांत ते जपून वापरावे लागते. भारतात २०१८ मध्ये त्याचा समावेश अमली पदार्थविषयक कायद्याखाली करण्यात आला.

संयुक्त गोळ्या, पूरके आणि पुड्या

भारतीय बाजारात दोन वा तीन औषधांच्या ठरावीक मिश्रणाच्या गोळ्या मोठ्या प्रमाणावर विकल्या जातात. असेक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि सेराटिओपेप्टिडेज हे त्यांतील परिचित मिश्रण आहे. सूज उतरवणारे म्हणून दिल्या जाणाऱ्या सेराटिओपेप्टिडेजचा पुरावा कमकुवत आहे. जपानमध्ये, जेथे ते विकसित झाले, तेथे २०११ मध्ये ते बाजारातून मागे घेण्यात आले. केंद्र शासनाने अनेक मिश्रणांवर वेळोवेळी बंदी घातली आहे. २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी जाहीर झाली आणि ती न्यायालयीन वादात सापडली. ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ मिश्रणांवर बंदी आली. तीत असेक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम व पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम यांच्या गोळीचा समावेश होता. बंदीची यादी ताजी ठेवणे आणि साठ्यातील माल त्वरेने बाजूला काढणे ही दुकानाची जबाबदारी असते.

ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन यांच्याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गेट' चाचणीत ही पूरके एकूण रुग्णांत निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. 'नाइस' आणि अमेरिकन तत्त्वे ग्लुकोसामाइनच्या विरोधात आहेत, तर एका युरोपीय तज्ज्ञगटाने चिठ्ठीवर मिळणाऱ्या विशिष्ट स्वरूपाला अनुकूल मत दिले आहे. ही पूरके महाग असून महिनोन्महिने घेतली जातात आणि त्यांवर दुकानाचा नफाही असतो. म्हणून सल्ला देणाऱ्याचे हितसंबंध येथे उघडपणे आड येतात. वॉरफरिन घेणाऱ्यांनी ग्लुकोसामाइन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

याहून गंभीर बाब म्हणजे घटकांचा उल्लेख नसलेल्या 'वाताच्या पुड्या'. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा काही पुड्यांत स्टेरॉईड किंवा दाहशामक मिसळलेले असल्याचे तपासण्यांत आढळले आहे. दोन दिवसांत चमत्कार वाटावा असा आराम, चेहरा गोल होणे, भूक वाढणे, आटोक्यात असलेली रक्तशर्करा अचानक वाढणे या खुणा संशयास्पद असतात. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉईड एकाएकी थांबवणे धोकादायक असते. म्हणून 'ती पुडी आजच फेकून द्या' एवढेच सांगणे चुकीचे ठरते. पुडीसह डॉक्टरांकडे पाठवणे हा योग्य मार्ग आहे. आयुर्वेदाच्या नोंदणीकृत वैद्याने दिलेली, घटक व परवाना क्रमांक छापलेली औषधे ही वेगळी बाब आहे, आणि दोहोंची गल्लत करणे रुग्णालाही अपमानास्पद वाटते.

औषधांपलीकडील सल्ला

सर्व प्रमुख मार्गदर्शक तत्त्वांत व्यायाम, आजाराची समज आणि आवश्यक तेथे वजन कमी करणे हे मूळ उपचार आहेत; औषधे त्यांना पूरक आहेत. वेदना थोडी कमी झाली की व्यायाम शक्य होतो, हे वेदनाशामकाचे खरे प्रयोजन रुग्णाला सांगितले जात नाही. खुर्चीवर बसून गुडघा सरळ करून काही क्षण धरणे हा मांडीच्या पुढील स्नायूचा साधा व्यायाम दुकानातही दाखवता येतो. सुरुवातीला थोडे दुखणे हे नुकसानीचे लक्षण नसते. पुढील व्यायामासाठी भौतिकोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे श्रेयस्कर ठरते.

वजन जास्त असलेल्या, गुडघ्याचा आजार असलेल्या वयस्करांच्या एका अमेरिकी अभ्यासात १ किलो वजन कमी झाल्यास चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोने कमी होतो, असे आढळले. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची असते. बहुतेक लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. जिना चढताना आधी चांगला पाय आणि उतरताना आधी दुखरा पाय टाकावा. शौचालयासाठी उंच बैठक आणि भिंतीला आधाराची दांडी ही साधने मोठ्या औषध दुकानांत व शस्त्रक्रिया-साहित्याच्या दुकानांत मिळतात.

संशोधन

इंग्लंडमधील उत्तर स्टॅफर्डशायर येथे कील विद्यापीठाच्या संशोधकांनी ५५ वर्षांवरील गुडघेदुखीच्या ३२५ रुग्णांवर केलेली चाचणी २००६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला औषधनिर्मात्याकडून ठरलेल्या क्रमानुसार औषधांची फेरतपासणी व सल्ला, दुसऱ्या गटाला भौतिकोपचार आणि तिसऱ्या गटाला माहितीपत्रक व दूरध्वनी मिळाला. तीन महिन्यांनंतर औषधनिर्मात्याच्या गटात वेदना तुलनेने कमी झाली. भौतिकोपचाराच्या गटात वेदनेसोबत हालचालीतही सुधारणा दिसली. सहा आणि बारा महिन्यांनंतर मात्र हे फरक टिकले नाहीत. दाहशामकांचा वापर दोन्ही गटांत कमी झाला. वेदनेतील सुधारणेपेक्षा हा शेवटचा निष्कर्ष कदाचित अधिक मोलाचा आहे, कारण गोळ्यांचा वापर घटला की त्यांचा धोकाही घटतो.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील चाचणीची रचना वेगळी होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३२ औषध दुकानांतून १३९ रुग्ण सहभागी झाले. औषधनिर्मात्यांनी प्रश्नावलीच्या साहाय्याने निदान न झालेले गुडघ्याचे रुग्ण ओळखले, त्यांना आजाराची माहिती दिली, औषधांची तपासणी केली आणि भौतिकोपचारतज्ज्ञाच्या व्यायामवर्गाकडे पाठवले; डॉक्टरांनाही कळवण्यात आले. सहा महिन्यांनंतर या गटात उपचाराची गुणवत्ता, वेदना आणि हालचाल यांत नेहमीच्या उपचारांपेक्षा सुधारणा दिसली. दोन्ही चाचण्या शेजारी ठेवल्यास एकट्या औषधनिर्मात्याचा परिणाम अल्पकालीन राहतो आणि भौतिकोपचाराची जोड मिळाल्यास तो वाढतो, असे दिसते. अर्थात दोन वेगळ्या देशांतील, वेगळ्या रचनेच्या अभ्यासांची थेट तुलना जपूनच करावी लागते.

भारतातील कायदेशीर चौकट

औषध व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम औषधविक्रीचे नियमन करतात. औषधशास्त्र अधिनियम, १९४८ च्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यायचे असते. डायक्लोफेनॅकच्या गोळ्या 'अनुसूची एच'मध्ये असल्याने चिठ्ठीविना विकता येत नाहीत. त्याच औषधाचे जेल मात्र या अटीतून वगळलेले आहे. पॅरासिटामॉल या अनुसूचीत नाही. ट्रामाडॉल मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'अनुसूची एच-१'मध्ये असून त्याच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. चिठ्ठीविना विकण्याच्या औषधांची स्वतंत्र कायदेशीर व्याख्या भारतात नाही. अनुसूचींत नसलेले औषध ते, असा तिचा अर्थ उलट बाजूने लावला जातो.

भारतीय औषधशास्त्र परिषदेने २०१५ मध्ये औषधशास्त्र व्यवसाय विनियम जारी केले. त्यांत रुग्णाचे समुपदेशन हे औषधनिर्मात्याचे कर्तव्य म्हणून नमूद आहे. औषधाचे नाव व प्रयोजन, घेण्याची पद्धत, संभाव्य दुष्परिणाम, इतर औषधांशी होणारी आंतरक्रिया आणि साठवण यांविषयी रुग्णाला सांगणे त्यात अपेक्षित आहे. सहा वर्षांचा फार्म-डी अभ्यासक्रम २००८ मध्ये सुरू झाला. पदविकेच्या २०२० च्या नव्या शिक्षण विनियमांत समुदाय औषधशास्त्राला स्वतंत्र विषयाचे स्थान मिळाले.

व्यवहारातील अडचणी

महाराष्ट्रात 'मेडिकल' या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या औषध दुकानांतील चित्र विनियमांपेक्षा बरेच वेगळे असते. काउंटरवर अनेकदा नोंदणीकृत औषधनिर्मात्याऐवजी मदतनीस असतो. २०१२ च्या सुमारास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने दुकानात औषधनिर्मात्याची प्रत्यक्ष उपस्थिती आणि चिठ्ठीवरच विक्री यांची कडक अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी विरोध करत दुकाने बंद ठेवली. मोहिमेचा जोर पुढे ओसरला; प्रश्न तसाच राहिला.

समुपदेशनासाठी वेगळे शुल्क घेण्याची रीत नाही. उत्पन्न विक्रीवर अवलंबून असल्याने 'ही गोळी घेऊ नका' हा सल्ला दुकानाला तोट्याचा पडतो. बहुतेक दुकानांत रुग्णाशी खासगीत बोलण्याजोगा कोपरा नसतो. रस्त्याला लागून असलेल्या काउंटरवर लघवीच्या किंवा शौचाच्या तक्रारीविषयी विचारणे दोघांनाही अवघड जाते. औषध घ्यायला अनेकदा रुग्ण स्वतः येत नाही. मुलगा, सून किंवा शेजारी जुने रिकामे पाकीट दाखवून 'आईच्या गुडघ्याची गोळी' मागतात, आणि आईच्या रक्तदाबाची त्यांना पुरती माहिती नसते. डॉक्टरांच्या चिठ्ठीतील त्रुटी दाखवून देण्याची मोकळीकही सर्वत्र नसते. कॅनडातील चाचणीत जे पत्र औषधनिर्माता डॉक्टरांना सहज पाठवू शकत होता, त्याला येथे रुळलेली वाट नाही. ग्रामीण भागात भौतिकोपचारतज्ज्ञ जवळ नसल्याने व्यायामासाठी पाठवणीचा सल्ला बऱ्याचदा कागदावरच राहतो.

काही सोयी मात्र आज उपलब्ध आहेत. जनऔषधी केंद्रांत दाहशामके व जेल मूळ नावाने स्वस्तात मिळतात, त्यामुळे जेलची पूर्ण मात्रा परवडण्याची शक्यता वाढते. मुंबईस्थित महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल औषधनिर्मात्यांसाठी औषधमाहिती केंद्र चालवते. २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचे समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगात आहे. दाहशामकांमुळे झालेला रक्तस्राव, अंगावर उठलेले चट्टे किंवा मूत्रपिंडाची तक्रार तेथे औषधनिर्माता आणि रुग्ण दोघेही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवू शकतात.